सड्यावरची माती, पायथ्याची विहीर : गोव्यात दूषित असल्याचा संशय असलेल्या जागेवरून नमुने कसे घ्यावेत

गोव्यात जमीन बिघडल्याची पहिली वर्दी बहुतेक वेळा विहीरच देते. पाण्यावर तवंग येतो, कळशीला रॉकेलसारखा वास लागतो, पहिल्या पावसानंतर पाण्याचा रंग पालटतो. २०२३ च्या पावसाळ्यात दाबोळीजवळच्या माटवे भागात विहिरींत इंधन उतरले, ते प्रकरण साऱ्या गोव्याने पाहिले. एरवी मात्र इतका उघड पुरावा क्वचितच मिळतो. कुणीतरी मिनरल वॉटरची रिकामी बाटली भरून प्रयोगशाळेत नेऊन देतो आणि अहवाल येतो : पीएच कमी, लोह जास्त. गावात खळबळ उडते. पण जवळपास एकही कारखाना नसलेल्या, सड्याच्या (जांभ्याच्या सपाट पठाराच्या) पायथ्याच्या एखाद्या विहिरीचे पाणी तपासले तरी असेच काहीसे हाती लागू शकते. जांभ्यातून, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडातून, झिरपणारे पाणी बऱ्याच ठिकाणी मुळातच किंचित आम्ल असते आणि लोह-मँगनीज तर जांभ्याच्या अंगचेच. आकडा खरा असतो, फक्त त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

नमुना म्हणजे नुसती बाटली नव्हे. कुठून, केव्हा, कशाने, कुणासमोर घेतला आणि कशाशी ताडून पाहायचा, हे ठरलेले असेल तरच त्याला किंमत. पुढची पद्धत ग्रामसभेच्या समित्या, पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी आणि या कामात नव्याने उतरलेले तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. उदाहरणाला एक नेहमीचे दृश्य घेऊ : सड्यावर भाड्याच्या जागेत चाललेला भंगारअड्डा, शेजारी अर्धी बुजवलेली चिरेखाण (जांभ्याचे चिरे कापलेली खाण), आणि खाली वाड्यावरच्या विहिरी.

आधी कागद आणि गावातली माणसे

पहिले काम बसून करायचे. जागेचा सर्व्हे नंबर काढा, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) घ्या, मालक कोण आणि कूळ कोण ते पाहा; जमीन कोमुनिदादची (जुन्या ग्रामसंस्थेची) असेल तर परवानगी तिथून लागते. लेखी संमतीशिवाय कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. संमती मिळत नसेल तर कुंपणाबाहेरच्या विहिरी, झरी आणि ओहोळ यांच्यावरही बरेच काम होते. मोजमापासाठी नवी बोअर मारायची असेल तर २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली जलस्रोत खात्याची परवानगी हवी.

त्यानंतर जुन्या उपग्रह प्रतिमा पाहा. चिरेखाण केव्हा उघडली, केव्हा बुजू लागली, अड्ड्याचा पसारा कोणत्या बाजूला वाढला, हे त्यात वर्षागणिक दिसते. मग वाड्यावर जाऊन विचारा : बॅटऱ्या कुठे फोडल्या जायच्या? तारा कुठे जाळायचे? आग लागली तेव्हा पाणी मारल्यावर ते कोणत्या दिशेने वाहिले? म्हाताऱ्या माणसांना खाणीत काय ओतले गेले ते ट्रकच्या रंगासकट आठवत असते. हे सगळे नकाशावर मांडा.

यातूनच काय तपासायचे ते ठरते. बॅटरी म्हणजे शिसे आणि आम्ल. जाळलेल्या तारा म्हणजे तांबे, शिसे आणि प्लॅस्टिकच्या अर्धवट ज्वलनातून आलेली संयुगे. इंजिन ऑइल म्हणजे पेट्रोलियम हायड्रोकार्बन, जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या तेलातले पीसीबी हे घातक रसायन. पेट्रोल पंपाजवळ बेन्झीन, टोल्युइन. क्रोम प्लेटिंगच्या कारखान्याजवळ षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप. ‘सगळे तपासा’ असे सांगून प्रयोगशाळेत गेलात तर खिसा रिकामा होतो आणि नेमका हवा तो घटक यादीत नसतो.

पाणी कुठून कुठे जाते

इथे थोडे थांबू, कारण गोव्यातले काम इथेच फसते. वर जांभा, त्याखाली चिकणमातीसारखी मऊ शेडी, आणि खाली मूळ खडक. जांभा सच्छिद्र आहे, त्यात पोकळ्या आणि नळ्यांसारख्या वाटा असतात. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून भराभर खाली जातो, शेडीला अडतो आणि आडवा सरकत उताराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येतो. त्यामुळे भंगारअड्ड्याखालचे प्रदूषण पाहायला सड्यावर खोल बोअर मारण्यापेक्षा जांभा-शेडीच्या सांध्यावरची झर पाहिलेली अनेकदा बरी. ती फुकट मिळते आणि सड्याच्या मोठ्या भागाची खबर देते.

प्रवाहाची दिशा डोळ्याच्या अंदाजाने ठरवू नका. निदान तीन विहिरी निवडा, एका रांगेतल्या नव्हे तर त्रिकोणात बसणाऱ्या. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने किंवा डिप मीटरने एकाच दिवशी मोजा. खुणांची एकमेकांच्या तुलनेतली उंची लेव्हल लावून काढा. मोबाइलमधल्या जीपीएसची उंची या कामाला उपयोगाची नाही, तिच्यात काही मीटरांची चूक सहज असते. खुणेच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची पातळी मिळते, आणि तीन पातळ्यांवरून उताराची दिशा. ज्या विहिरीवर पंप चालू आहे ती त्या वेळी मोजू नका. जांभ्यातल्या वाटा वाकड्या असतात, म्हणून ही दिशा अंदाज म्हणूनच धरावी आणि बाजूच्या एक-दोन विहिरीही यादीत ठेवाव्यात.

खाजन (बांध घातलेली खाडीकाठची सखल जमीन) किंवा खाडीजवळच्या विहिरींत भरती-ओहोटीचा हात असतो. तिथे नमुन्यासोबत भरतीची वेळ लिहा, नाहीतर क्लोराइड वाढले ते समुद्राने की कारखान्याने, हा वाद मिटणार नाही.

आणि ऋतू. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे अखेरीस पाणी सर्वांत खाली असते. त्या वेळी जे विरघळलेले आहे ते दाट दिसू शकते. पहिल्या जोरदार सरींनंतर वरच्या मातीतले धुऊन खाली येते. एकदाच पैसे असतील तर मे निवडा, दोनदा असतील तर मे आणि पाऊस ओसरल्यानंतरचा नोव्हेंबर. फक्त ऑगस्टमध्ये घेतलेला ‘स्वच्छ’ नमुना दाखवून कुणी निश्चिंत व्हायला सांगत असेल तर तारीख वाचा.

तुलनेचा नमुना

पैसे कमी पडले की पहिली कात्री यालाच लागते, आणि माझ्या मते हाच सर्वांत शेवटी कापावा. संशयित जागेच्या वरच्या अंगाला, त्याच जांभ्यावर, जिथे भराव, रस्ता, खतांची शेती किंवा कचरा नाही अशा ठिकाणी मातीचे तीन-चार नमुने आणि निदान एका विहिरीचे पाणी घ्या. सड्यावरच्या मातीची तुलना शेतातल्या किंवा खाजनातल्या गाळाशी करण्यात अर्थ नाही. दगड तोच, खोली तीच हवी. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांत तर हे दुप्पट लागू, कारण तिथे लोह जमिनीतच आहे. अड्ड्याखाली शिसे आजूबाजूच्या मातीच्या पंधरा पट निघाले, हे वाक्य तक्रारीत उभे राहते. नुसते ‘लोह जास्त’ म्हटले तर समोरचा वकील हसतो.

प्रयोगशाळा आणि बाटल्या

जागेवर जाण्याच्या आठवडाभर आधी प्रयोगशाळेशी बोला. तिला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि ती नेमक्या तुमच्या घटकासाठी, मातीसाठी की पाण्यासाठी, ते मान्यतेच्या यादीत पाहा. दुसरा प्रश्न : किती कमी प्रमाण मोजता येते? पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ज्या यंत्राला ०.०५ च्या खालचे दिसतच नाही, त्याचा ‘आढळले नाही’ हा शेरा कुचकामी.

बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात पीएच २ च्या खाली आणण्याइतके नायट्रिक आम्ल. विरघळलेलेच धातू हवे असतील तर पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मगच आम्लात. आधी आम्ल घालून नंतर गाळले तर गाळाला चिकटलेले धातूही सुटून पाण्यात येतात. बेन्झीनसारख्या उडून जाणाऱ्या संयुगांसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, टेफ्लॉन पडद्याच्या झाकणाच्या. तेल आणि जड सेंद्रिय संयुगांसाठी एक लिटरची तपकिरी काचेची बाटली. सायनाइडला सोडियम हायड्रॉक्साइड लागते, जिवाणूंना निर्जंतुक बाटली. आम्ल घातलेली बाटली खंगाळायची नसते, ही चूक नवशिके हमखास करतात.

घड्याळही बघावे लागते. पाण्यातले षट्‌संयुजी क्रोमियम २४ तासांत तपासायला हवे, नायट्रेट ४८ तासांत, तपकिरी बाटलीतल्या सेंद्रिय संयुगांचे निष्कर्षण सात दिवसांत, बेन्झीनसारख्या संयुगांच्या आम्ल घातलेल्या कुप्या चौदा दिवसांत. पारा सोडून बाकी धातू आम्लात सहा महिने टिकतात. तेव्हा नमुने शनिवारी संध्याकाळी घेऊ नका. प्रयोगशाळा राज्याबाहेरची असेल तर कुरिअरचा एक दिवस हिशेबात धरा.

माती

आधी सुरक्षितता. पुरलेली वीजवाहिनी, नळ, इंधनवाहिनी यांची खात्री केल्याशिवाय पहार मारू नका. जेसीबीने खड्डा काढला तर माणसाच्या कमरेपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय उतरू नका. माती बकेटमधूनच घ्या, बकेटच्या धातूला न लागलेल्या मधल्या ढेकळातून. विहिरीत तर कुणीही उतरायचे नाही. इंधनाची वाफ किंवा प्राणवायूची कमतरता वरून दिसत नाही.

कुठे घ्यायचे? ज्ञात ठिकाणी (बॅटरी फोडायची जागा, जळका काळा पट्टा, सांडपाणी उतरते ती कड) नेमके नमुने, आणि उरलेल्या आवारात ठराविक अंतराची जाळी आखून. खोली तीन स्तरांत धरा : वरचे १५ सेंटिमीटर, जिथे मुले, कोंबड्या आणि धूळ यांचा संबंध येतो; भराव संपून मूळ माती लागते तो थर; आणि पाणी लागण्याच्या किंचित वरचा थर. बुजवलेल्या चिरेखाणीत दुसरा थर शोधणे हेच खरे काम. भराव किती खोल आहे हे खणल्याशिवाय कळत नाही, आणि चिरे कापलेल्या सपाट तळावर पाणी साचून राहिलेले असते.

हाताने फिरवायचा ऑगर (माती काढायचे गिरमिट) मऊ मातीत आणि भरावात छान चालतो, अखंड जांभ्यात अडतो. तिथे कुदळ-पहारीने तोंड करा आणि नमुन्याचा शेवटचा भाग स्वच्छ अवजाराने घ्या. धातूंसाठी प्लॅस्टिकचा, सेंद्रिय संयुगांसाठी स्टेनलेस स्टीलचा चमचा. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरलेत तर जस्त घमेल्याचेच मोजाल.

क्रम महत्त्वाचा. उडून जाणाऱ्या संयुगांचा नमुना सर्वांत आधी, ताज्या कापलेल्या पृष्ठभागातून, न ढवळता : छोट्या नळीने पाचेक ग्रॅम माती काढून मिथेनॉल भरलेल्या कुपीत, किंवा तशी सोय नसेल तर काचेच्या बरणीत ठासून, वर हवा न ठेवता. ही माती मिसळायची नाही, चाळायची नाही, उन्हात ठेवायची नाही. धातूंसाठी मात्र उलट. एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांची आणि मधली अशी पाच ठिकाणची माती एकत्र करा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा, अर्धा किलो उरेपर्यंत. जांभ्याचे खडे जास्त असतील तर २ मिलिमीटरच्या चाळणीखालचीच माती तपासायला सांगा आणि खडे साधारण किती होते ते लिहा. शिसे बारीक कणांना धरून बसते. खडे दळून मिसळले की आकडा पातळ होतो.

प्रत्येक खड्ड्याची नोंद तिथल्या तिथे : रंग, ओल, वास, राख, काचा, कापडाचे तुकडे. वास मुद्दाम नाक लावून घेऊ नका, आपसूक आला तर लिहा. दोन खड्ड्यांच्या मध्ये अवजारे फॉस्फेटमुक्त साबणाने घासा, नळाच्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. कमी प्रदूषित जागेकडून जास्त प्रदूषित जागेकडे जात राहिलात तर चुकून राहिलेला अंश फार बिघडवत नाही. दर नमुन्याला नवे नायट्राइल हातमोजे. वाटेत पेट्रोल भरू नका, आणि डास कितीही चावले तरी अंगाला डासांचे मलम लावून कुपी हातात धरू नका.

पाणी

बोअरमध्ये साचून राहिलेले पाणी जमिनीतल्या पाण्याचे प्रतिनिधित्व करत नाही. ते आधी काढून टाकावे लागते. जुना नियम तीन घनफळांचा. सहा इंची (सुमारे १५० मिलिमीटरच्या) बोअरमध्ये दर मीटर उंचीला सुमारे १७.७ लिटर पाणी असते. पाण्याची उंची २० मीटर असेल तर साधारण ३५० लिटर, म्हणजे १,०५० लिटरच्या आसपास उपसा. केवळ देखरेखीसाठी बसवलेल्या बारीक नळीत संथ उपसा बरा : मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ न देता. दर तीन-पाच मिनिटांनी पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा मोजा. सलग तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि प्राणवायू व गढूळपणा १० टक्क्यांच्या आत राहिले की बाटली भरायला घ्या. उपसलेले पाणी संशयित असेल तर शेतात सोडू नका, पिंपात साठवा.

उघड्या विहिरीचे गणित वेगळे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे २८,००० लिटर. तीनदा उपसणे म्हणजे वाड्याचे पाणी तोडणे. रोज वापरात असलेली विहीर स्वतःच ताजी होत राहते, म्हणून शक्यतो अशीच निवडा. घरच्या पंपावरून घ्यायचे असेल तर टाकीच्या आणि फिल्टरच्या आधीच्या नळातून, पाच-दहा मिनिटे पाणी सोडून. एरवी झडप असलेला बेलर (पाण्याचा नमुना काढायची नळी) स्वच्छ दोरीने हळू सोडा आणि पाण्याच्या मधल्या खोलीतून घ्या. घरची बालदी नको; तिच्यात काल कपडे भिजवलेले असतात.

इंधनाचा संशय असेल तर मधल्या खोलीआधी वरचा थर पाहा. पेट्रोल-डिझेल तरंगते, पारदर्शक बेलर पृष्ठभागापर्यंतच बुडवून तवंगाची जाडी मोजा आणि तो नमुना वेगळा ठेवा. सगळा तवंग तेलाचा नसतो. काठीने ढवळल्यावर तो काचेसारखा तुकड्यांत फुटला आणि पुन्हा जुळला नाही तर बहुधा लोह-जिवाणूंचा, आणि तो गोव्यात ओहोळाओहोळांत दिसतो. तेलाचा तवंग पुन्हा मिळून येतो. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावके मात्र पाण्यापेक्षा जड, ती तळाशी शोधावी लागतात.

विहिरीत ब्लीचिंग पावडर केव्हा टाकली, हे विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. पावसाळ्यात ती टाकली जाते आणि क्लोरीनमुळे क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तिथेच तयार होतात, ज्यांचे खापर मग कारखान्यावर फुटते. निदान पावडरची तारीख नोंदवा. उरलेले क्लोरीन मारायला कुपीत काय घालायचे ते प्रयोगशाळेला विचारा.

कुपी भरताना पाणी कडेने, बुडबुडे न उठवता सोडा, काठोकाठ फुगीर भरा, झाकण लावा, उलटी करून बोटाने टिचकी मारा. वाटाण्याएवढाही बुडबुडा दिसला तर ती टाकून नवी भरा. उडून जाणारे आधी, मग तेल, मग धातू, शेवटी बाकीचे.

स्वतःवरचा पहारा

दर दहा नमुन्यांमागे एकाची जुळी बाटली भरा आणि प्रयोगशाळेला ती जुळी आहे हे सांगू नका. धुतलेल्या बेलरवरून डिस्टिल्ड पाणी ओतून त्याचाही एक नमुना करा. धुणे नीट झाले का ते तो सांगतो. उडून जाणारी संयुगे असतील तर प्रयोगशाळेनेच भरून दिलेली शुद्ध पाण्याची कुपी न उघडता सगळा प्रवास करून परत गेली पाहिजे. ‘शुद्ध पाणी तपासण्यावर कशाला खर्च?’ हा प्रश्न गावात हमखास येतो. विरोधी बाजू पहिला आक्षेप तिथेच घेते, हे उत्तर पुरते.

लेबल, बर्फ, ताबा

लेबलवर न पुसणाऱ्या शाईने जागा, नमुन्याचा क्रमांक, खोली, तारीख, वेळ, काय घातले आहे, कुणी घेतले. लेबल बाटलीवर, झाकणावर नाही. झाकणे अदलाबदल होतात. बर्फ मासळीच्या कुठल्याही जेटीजवळ मिळतो, पण दुहेरी पिशवीत बांधून घाला, नाहीतर मुक्कामी पोचेपर्यंत बाटल्या वितळलेल्या पाण्यात तरंगत असतात आणि लेबले तळाशी. तापमान ४ अंशांच्या आसपास, गोठू द्यायचे नाही. प्रत्येक टप्प्यावर नमुना कुणी दिला, कुणी घेतला, किती वाजता, याचा ताबा-कागद सही करून सोबत ठेवा आणि त्याचा फोटो काढा. खोक्यावर सही केलेली चिकटपट्टी.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. कारखान्याच्या सांडपाण्याचा १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ खालचा कायदेशीर नमुना फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस घेऊ शकतो : जागाधारकाला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोघांच्या सह्यांचे सील. तुमचा नमुना त्याची जागा घेत नाही. तो मंडळाला जागेवर आणण्यासाठी असतो.

अहवाल हातात आल्यावर

आधी ब्लँक (शुद्ध पाण्याचे) आणि जुळे नमुने पाहा, मग तुलनेचे, मग संशयित. ब्लँकमध्येच शिसे निघाले तर पुढचे वाचण्याची घाई नको. पाण्याची तुलना आयएस १०५०० शी करताना एकके तपासा. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांच्या घोळातून मोठमोठ्या बातम्या झाल्या आहेत. पिण्याच्या विहिरीत शिसे, आर्सेनिक किंवा इंधन मर्यादेबाहेर निघाले तर दुसऱ्या फेरीची वाट न पाहता घरमालकाला त्याच दिवशी सांगा. उकळल्याने धातू जात नाहीत, हेही सांगा.

तक्रार साळगावला, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या, प्रत जिल्हाधिकारी आणि पंचायतीला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांत जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची आणि राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची असे ठरले आहे. हे नियम खाणकामातून झालेल्या प्रदूषणाला आणि कचरा डेपोंना सर्वसाधारणपणे लागू नाहीत, म्हणजे खाणपट्ट्यातल्या आणि कचऱ्याच्या डोंगराशेजारच्या गावांना दुसऱ्या कायद्यांखाली अर्ज करावा लागतो. भंगारअड्ड्याचा, कारखान्याचा किंवा बुजवलेल्या चिरेखाणीतल्या घातक कचऱ्याचा अर्ज करताना या नियमांचा उल्लेख करा. सोबत नकाशा, विहिरींच्या पातळ्या, ताबा-कागद, प्रयोगशाळेचा मूळ अहवाल आणि तुलनेच्या नमुन्याचा आकडा पहिल्याच पानावर. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.